व्हॅलेटाचं उलटं बंदर

कार्यक्रमाच्या अध्यक्ष छायाताई, मंचावरचे आपले मालक फिरदोसभाई, सत्कारमूर्ती बाप्टिस्ट, त्यांच्या पत्नी इसाबेलवहिनी, आणि दुबईत जुमेरा लेक टॉवर्सच्या ट्रॅफिकमधूनही वेळेवर पोचलेल्या सर्व मित्रांनो!

मी सदानंद. क्वालिटी तपासणारा, म्हणजे सगळ्यांचा नावडता. हसू नका, खरं आहे. बाप्टिस्ट सव्वीस वर्षं आपल्या स्टुडिओत हॉटेलांसाठी चित्रं छापत आले. तांब्याच्या प्लेटवर सुईनं कोरायचं, शाई भरायची, कागद दाबायचा. वसईच्या या माणसानं कधी आवाज चढवलाय? मला तरी आठवत नाही.

मागच्या वर्षी मरीनातल्या एका हॉटेलला माल्टामधलं व्हॅलेटाचं जुनं बंदर हवं होतं. बाप्टिस्टनी तटबंदी, होड्या, धक्का, सगळं कोरलं. छापून बघतो तर काय, बंदर उलटं! डावीकडचा किल्ला उजवीकडे. प्लेटवरचं कागदावर उलटं उमटतं, म्हणून कोरतानाच उलटं कोरायचं, हे शिकाऊ माणसालाही कळतं. मी भडकलो. "बाप्टिस्ट, लक्ष कुठेय तुमचं?" ते एवढंच म्हणाले, "सॉरी सर, दुसरी करतो."

आपला नियम आहे, रद्द प्लेटवर दोन तिरक्या रेघा ओढायच्या, म्हणजे ती पुन्हा कुणी छापत नाही. मी समोर उभा राहिलो. पहिली रेघ झाली. दुसरी धक्क्याच्या टोकाशी थांबली. तिथे मुंगीएवढा एक माणूस होता, हात वर केलेला. मी म्हणालो, "यल्ला, चला, पूर्ण करा." त्यांनी केली. नव्या प्लेटवर धक्का रिकामा होता. ती मी पास केली.

गेल्या आठवड्यात इसाबेलवहिनी ऑफिसात आल्या. "ती रद्द झालेली प्लेट मिळेल का?" त्यांचा मुलगा जेसन बोटीवर नोकरीला होता. तो गेल्याचं आपल्याला ठाऊक होतं. कुठे, ते मी कधी विचारलंच नव्हतं. वहिनींनी सांगितलं, व्हॅलेटाबाहेर समुद्रात पडला, सापडला नाही. शेवटचा फोटो त्याच धक्क्यावरचा. वसईच्या दफनभूमीत त्याच्या नावाचा नुसता क्रूस आहे. त्याखाली बसवायला, थेट प्लेटवरच बघता यावी म्हणून बाप्टिस्टनी ती सुलटी कोरली होती. "मला सांगितलं का नाहीत?" मी बाप्टिस्टना विचारलं. ते म्हणाले, "प्लेट कंपनीची होती, सर."

प्लेट मी आणली आहे. रेघ घासून काढायला बसलो होतो, पण रेघेबरोबर जेसनही जायला लागला. म्हणून हात थांबवला.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. वहिनी, तुम्ही मात्र मला सांभाळून घेऊ नका.