पीळ घातलेलं सोनं

...अहो, डावं काय नि उजवं काय, औषध ते औषध! पण नाही! आमच्या उमेराला उजवंच पाहिजे! पुण्यात पीएचडी करते ना! तुम्हाला सांगतो, लोणावळ्यात माझं चपलांचं दुकान, हयात गेली जोड विकण्यात, आणि ही मला शिकवते, "अब्बा, औषधाचे रेणूसुद्धा चपलांसारखे, डावे नि उजवे. एकानं गुण येतो, दुसरा फुकट, कधी घातकसुद्धा." मग? मग म्हणे सोन्याचे कण घ्यायचे, डोळ्यांना न दिसणारे, त्यांना स्क्रूसारखा पीळ द्यायचा आणि त्यांच्याकडून फक्त उजवे रेणू घडवून घ्यायचे. आणि निघायचे काय? निम्मे डावे, निम्मे उजवे! दर वेळी! अहो, ते तर माझ्या दुकानात सोन्याशिवाय निघतात!

त्यात तिच्या गाइड सरांनी बजावलेलं, यंदा जमलं नाही तर पीएचडी गुंडाळा. पोरीची झोप उडाली. तिची आई लैला माझ्यावरच डाफरायची, "तुम्ही कुजकं बोलू नका हो!" अरे, पण डावं काय नि उजवं काय!

आणि एक दिवस फोन! "अब्बा, जमलं! द्रावण नळीत भरलं, प्रकाश उजवीकडे वळला, म्हणजे रेणू उजवे!" झालं! मी पेढे वाटले, आणि बाजीरावभाऊ, आमच्या वॉर्डातले इच्छुक उमेदवार, त्यांनी चौकात फ्लेक्स लावला, 'मावळची शान!' उमेरा तिकिटाएवढी, भाऊंचा नुसता गॉगल खिडकीएवढा!

आठवड्यात कळलं, प्रकाश वळवला साखरेनं! साखर म्हणे मुळातच उजवीकडे वळवते. आता साखर कुठली? अहो, लोणावळ्याचं माणूस पुण्याला रिकाम्या हातानं जातं का? मीच दिलेली चिक्की! खाल्ली कुणी? सरांनी! त्याच चिकट हातांनी नळी भरली कुणी? सरांनी!... पोरगी फोनवर हमसून हमसून रडली हो.

पण उठली, नळ्या घासल्या, सगळं पुन्हा केलं. काल फोन, "अब्बा, शंभरात छप्पन्न उजवे! आणि हे खरे! सर म्हणाले, चालू ठेव." छप्पन्न! निम्म्याहून सहाच जास्त, आणि केवढा आनंद तिला! मी धावत भाऊंकडे. म्हटलं, फ्लेक्सवर खरं छापा, शंभरात छप्पन्न.

भाऊंनी गॉगल काढला. "मकसूदभाई, छप्पन्न मार्कांवर माझा फोटो शोभंल का?"

जा, बघा चौकात. उमेराचा कोपरा कापलाय, मावळची शान म्हणून भाऊ एकटेच लटकलेत.