थरथर थांबली की बाहेर

...आणि वर मलाच विचारतात, 'वाल्मिक मास्तर, भूकंप आला तर काय करायचं?' अरे, मला काय विचारता! जमीन तर आमची रोजच हलते! तुम्हाला सांगतो, बमरोलीत आमचं लूमचं खातं, साठ लूम एकदम धडधडतात, खडखड खडखड, खाली ठेवलेला चहाचा ग्लास आपला आपण चालत जातो... त्यात भूकंप ओळखायचा कसा, सांगा! पण लातूरकडचे ते फोटो पेपरात आले, आमचे सेठ जयंतीभाई घाबरले, विम्याचा साहेब म्हणाला, 'संकटाच्या तयारीचा आराखडा करा', आणि सेठ म्हणाले, 'मास्तर, तमे करो!' झालं! मी लूमचा मास्तर, बिघडलेलं लूम चालू करणारा, बसल्या जागी भूकंपाचा मास्तर झालो!

मला शिट्टी दिली. लाल, प्लास्टिकची, जत्रेतली! ती वाजली की सगळ्यांनी बाहेर पळायचं. मी जीव खाऊन फुंकली हो, गाल फुगले, डोळे बाहेर आले... एक कारागीर तेवढा माझ्याकडं बघून हसला. त्याला वाटलं, मी त्याला वेडावतोय!

मग माझं डोकं चाललं. म्हटलं, खात्यात शिट्टी ऐकू येत नाही, पण लूम बंद पडले की बहिऱ्यालाही कळतं! लाईट गेली की आमचे लोक कुठं जातात? हिलालच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, रस्त्यापलीकडं! कुणाला सांगावं लागतं का? म्हणून नियम केला : मी मेन स्विच पाडणार, थरथर थांबली की बाहेर! पाडला. साठ लूम गप्प. मिनिटात खातं रिकामं, भो! मी घड्याळ बघतोय, छाती फुगलीय... आणि वर बघतो तर माळ्याच्या खिडकीत माझी कुसुम!

माळ्यावर दहा बायका बॉबिन भरतात, त्यात माझी बायको. उतरायला एकच लोखंडी जिना, आणि त्याच्या पायरीपायरीवर सेठचे कापडाचे ताके! मी खालून ओरडलो, 'कुसुम, उतर!' ती वरून म्हणते, 'कशी उतरू? उडी मारू? तुमना भूकंप तुम्हीच करा!' सगळे हसले. मला नाही हसू आलं. सगळं खातं चहा पितंय, आणि जिच्या हातच्या भाकरीवर मी जगतो ती वर अडकलेली!

सेठला म्हटलं, ताके हलवा. 'माल क्यां मूकवानो, मास्तर? मारा माथा पर?' म्हणजे माल ठेवू कुठं, डोक्यावर! तीन आठवडे पाया पडलो. एक ताका हलेल तर शपथ! रोज घरी कुसुमला तेच रडगाणं. शेवटी ती म्हणाली, 'तुमच्यानं व्हायचं नाही.' दुसऱ्या दिवशी जिन्याच्या वरच्या पायरीवर तिनं लाल कापड अंथरलं, नारळ मांडला, हळदकुंकू वाहिलं आणि सेठला म्हणाली, 'ही आमची कानबाई, गावाकडची देवी. हिच्या वाटेत माल ठेवायचा तर खुशाल ठेवा, आपण काय बोलणार?' माय वं! सेठचे हात जोडलेले! 'ना ना बेन, मातानो रस्तो!' दुपारपर्यंत जिना लख्ख. स्वतः सेठ ताके उचलत होते!

आणि मंगळवारी, दुपारी तीनला, लाईट गेली. मी स्विचला हातही लावला नव्हता, आईशप्पथ! थरथर थांबली, सगळे सवयीनं बाहेर, बायका नारळाला नमस्कार करून टकटक खाली. कुसुमनं बशीत चहा ओतला. हिलालचं तोंड पांढरं पडलेलं, लारीवरचे निम्मे ग्लास फुटलेले. 'मास्तर, जमीन हलली ना आत्ता?' मी म्हटलं, 'हिलालभाऊ, जमीन तर आमची रोजच हलते!' एवढं बोलतोय तोच... धडाम! छपरावरची पाण्याची टाकी पत्रे फोडून माळ्यावर. कुठं? जिथं कुसुम रोज बसते, त्याच स्टुलावर!

तिच्या हातातला चहा सांडला. मी तिचा दंड धरला, भर रस्त्यात, सगळ्यांदेखत, आणि सोडलाच नाही. रडलो हो, सांगायला लाज कसली. हायसं वाटणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. एका माणसाला खरचटलंसुद्धा नाही!

आता श्रेय कुणाला? सेठनं कानबाईला पाच नारळ फोडले. हिलाल सांगत फिरतो, 'माझ्या चहानं सत्तर जीव वाचवले.' आणि माझा आराखडा? विम्याच्या साहेबानं बघितला नि म्हणाला, 'यात शिट्टी कुठं आहे?'

बरं, आमची खोली नवागामला, भिंतीला भिंत लावून दुसऱ्याचं खातं, म्हणजे घरीसुद्धा जमीन आमची रोजच हलते. पण आठवड्याला त्यांची सुट्टी असते. त्या दिवशी सगळं शांत, मी पाय ताणून पेपर वाचतोय... आणि कुसुम माझा दंड धरते, 'अहो, थरथर थांबली. बाहेर चला!' दर आठवड्याला! आणि मी? निघतो बापडा चप्पल घालून. तिला कोण सांगणार, की आज काही झालेलं नाही... आणि खरं सांगू? चहा तरी मिळतो.