भोकाचं नाणं

…नाही, तुम्ही हसा, हसायला माझी ना नाही, पण मला एक सांगा, भल्या सकाळी घरची कामं टाकून कचरा डेपोच्या फाटकात कानाला हेडफोन आणि हातात ही एवढी लांब दांडी घेऊन उभं राहायची हौस कुठल्या बाईला असते? दांडीच्या टोकाला थाळीएवढं चक्र, ते जमिनीवरून असं फिरवायचं, खाली धातू असला की टूं… आणि इथे काय, पाऊल टाकायची खोटी, नुसतं टूं टूं टूं! आणि बाजूला आमचे हे, उलट्या बादलीवर बसून, थर्मासातला चहा पीत मला सांगतात, "अगं, मशीन खोटं बोलत नाही. कचरा म्हणतंय ना? मग कचराच."

सगळं यांच्यामुळेच झालंय, पण यांना सांगायची सोय नाही.

तुम्हाला सांगते, यांचा कारखाना बंद पडला आणि हे खुर्चीत बसले. बसले म्हणजे बसलेच. तोंड भिंतीकडे. चहा ठेवला तर साय धरेपर्यंत बघत राहायचे. "अहो, बरं नाही का?" तर "बरंय." "जरा फिरून येता?" तर "कशाला?" आता या 'कशाला'ला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा. मी आत भाजी चिरत असले तरी कान त्या खुर्चीकडे, ती नुसती करकरली तरी जिवात जीव यायचा, की चला, हलले.

शेवटी माझे धाकटे दीर हे मशीन घेऊन आले. त्यांची स्वतःची हौस फिटलेली. "वहिनी, दादाला मैदानावर पाठवा. जुनी नाणी सापडतात, माणूस रमतो." आणि काय सांगू, हे उठले. बूट चढवून उठले! पण बूट कुठले, तर कारखान्यातले, पुढे लोखंडी टोपी असलेले. मैदानावर पाऊल टाकलं की टूं. खणलं, काही नाही. दुसरं पाऊल, टूं. मी म्हटलं, "अहो, तुमचा बूट तर वाजत नाही ना?" तर म्हणे, "मशीन खोटं बोलत नाही." अर्धी सकाळ स्वतःच्याच पायाभोवती खड्डे. मैदानाचे माळीदादा आले, म्हणाले, "साहेब, झाडं लावताय का?"

मग बूट बदलले, तर बाटल्यांची बुचं. बुचं, चॉकलेटचे चांदीचे कागद, वाकडे खिळे, परत बुचं. यांचा चेहरा पुन्हा भिंतीकडे वळायला लागला… म्हणून मी काय करायची, आधी जाऊन पर्समधलं एखादं नाणं मातीत दाबून यायची. सापडलं की हे उलटसुलट बघायचे, "हॅ, चालू नाणं. कुणाच्या तरी खिशातून पडलं असेल." यांना हवं जुनं! आणि एक दिवस म्हणाले, "उद्यापासून नाही जायचं," आणि खुर्ची भिंतीकडे ओढली. तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

आता जुनं नाणं माझ्याकडे एकच. शिवणाच्या डब्यात, बटणांत. मध्ये भोक असलेलं, हलकं. शाळेच्या पहिल्या दिवशी माझ्या वडिलांनी ते दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं होतं, "हरवलीस तर हे दाखव, लोक घरी आणून सोडतील." त्यावर काय आमचा पत्ता होता? पण मी कधी हरवले नाही, हेही खरंच.

घेतलं ते, आणि मैदानात बाकापासून वीतभर अंतरावर पुरलं. म्हटलं, जाणार कुठे? नवऱ्याला सापडणार, म्हणजे घरातच येणार. आणि यांना म्हटलं, "शेवटचं एकदा चला."

गेलो. यांनी चक्र बरोब्बर त्यावरून नेलं. मशीन गप्प. परत नेलं. गप्प. "अहो, इथे जरा बघा ना." "इथे काही नाही." "तरी पण…" "अगं, मशीन खोटं बोलत नाही." मग माझं लक्ष गेलं, बुचांना वैतागून यांनी कचरा वगळायचं बटण दाबून ठेवलेलं, आणि माझ्या वडिलांचं नाणं हलकं, ते मशीनच्या लेखी चॉकलेटच्या कागदांत जमा! मी पुढे होऊन ते बटण बंद केलं. झालं, सगळं मैदान बोलायला लागलं. आणि हे पेटले! खणायचं, मशीनच्या छोट्या पडद्यावर 'कचरा' आलं की मातीचा गोळा तसाच पिशवीत. खणायचं, पिशवीत. मी मागे मागे, "अहो, फोडून तरी बघा." तर म्हणे, "कचरा काय फोडून बघायचा?" यांना तहान लागली म्हणून मी नळावर पाणी आणायला गेले, येते तर बाकाजवळ खड्डा, पिशवी माळीदादांच्या गाडीत, आणि गाडी डेपोच्या वाटेला.

आणि हे खुश. नाणं नाही, काही नाही, तरी खुश. का, तर माळीदादा म्हणाले, "साहेब, तुमच्यामुळे मैदान आरशासारखं झालं." आता रोज दोघं मिळून झाडांना पाणी घालतात, परवा तर हे जेवताना शिट्टी वाजवत होते. म्हणजे मला हवं होतं ते झालं ना? झालं. मग मी कुरकुरते कशाला? पण जीव आहे ना, तो उठतो, बटणांच्या डब्यापाशी जातो आणि परत येतो. यांना सांगावं, तर विचारतील, ते तिथे गेलं कसं? मग आधीची नाणी? तीही तूच? …आणि परत ती खुर्ची. नको रे बाबा. मी आपलं सांगितलं, मलाही नाद लागलाय, आणि मशीन घेऊन निघाले डेपोला. तर हे म्हणाले, "एकटी कशी जाशील? मी येतो सोबत."

काल फाटकावरच्या रखवालदाराने यांना विचारलंच, "बाई रोज काय शोधतात हो?" माझ्या कानाला हेडफोन, म्हणजे मला ऐकू येत नाही असं समजून हे त्याच्याकडे वाकले आणि म्हणाले, "शोधत काही नाही. घरात नुसती बसून असायची बिचारी… म्हटलं, मन रमायला काहीतरी हवं."

मी चक्र फिरवत पुढे गेले. मशीन खोटं बोलत नाही, कबूल… पण त्याला कुठे संसार करायचाय?