बूट सैल वाटला म्हणून

...नाही, तुम्ही हसा, खुशाल हसा, सगळेच हसतात, पण एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी अशा थाटात तुम्ही कधी आख्खा बाजार ओलांडून ऑफिसात पोचलाय का? मी पोचलोय! चप्पल कुठे पडली, मला पत्ताच नाही. मागून फळवाला ओरडतोय, "ओ दादा, चप्पल! अहो, चप्पल!" आणि मी मनात म्हणतोय, काय माणूस आहे, फळं सोडून चपला विकायला लागला! डावा पाय, तुम्हाला सांगतो, बोटांपासून अर्ध्या तळव्यापर्यंत बधिर. म्हणजे बोटं आहेत, पाचही आपापल्या जागेवर आहेत, पण तिकडून बातमी म्हणून काही येत नाही. पाय माझाच आहे हो, पण आमचं बोलणं बंद आहे.

आणि हे कशामुळे? सायकलमुळे! सहाशे किलोमीटर, ठरलेल्या वेळेत, झोपायचं तर रस्त्याकडेला डुलकी काढायची आणि परत पॅडल मारायचं. कुणी जबरदस्ती केली होती? कुणीच नाही! उलट मीच गावभर सांगत सुटलो होतो, सोडा त्या धूर ओकणाऱ्या गाड्या, सायकलवर बसा, शरीराला मर्यादा नसतात, मर्यादा मनात असतात! हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून खोलीच्या दारावर चिकटवलंय मी. परवा त्याच दारावर करंगळी आपटली, मी आपला शीळ घालत स्वयंपाकघरात गेलो, आणि आई फरशीकडे बघून किंचाळली, "अरे, रक्त कुणाचं?" मी पण बघतोय इकडेतिकडे, कुणाचं बरं! मन ठणठणीत आहे हो माझं. मर्यादा करंगळीत निघाली.

आता मुख्य गोष्ट ऐका. अर्धं अंतर गेलं आणि डावा बूट सैल वाटायला लागला. बूट सैल वाटला तर माणूस काय करतो? घट्ट करतो! आमच्या बुटांना नाडी नसते, बाजूला एक चकती असते, फिरवली की टक् टक् करत बूट आवळला जातो. फिरवली. जरा पुढे गेलो, पुन्हा सैल. पुन्हा टक् टक्. परत सैल! मी त्या बूट बनवणाऱ्याला शिव्या घालतोय, टक् टक्, काय फालतू माल आहे, टक् टक्... अहो, बूट सैल नव्हताच! आतला पाय बधिर झाला होता, म्हणून बूट आहे हेच कळेनासं झालं होतं! नस बिचारी आत ओरडून ओरडून गप्प झाली, आणि मी वरून तिचा गळा आणखी आवळतोय!

बरं, विचारावं तर कुणाला? शेजारच्या सायकलवर आमचे इंजिनकाका. साठी उलटलीय, चढावर श्वास असा फुसफुसतो म्हणून ते नाव. म्हटलं, "काका, बोटं कळेनाशी झालीत." तर काका ब्रेक न दाबता ओरडले, "शाब्बास! आलास आमच्यात! माझा अंगठा तर केव्हाच गेला, मी वळूनसुद्धा बघितलं नाही!" मागचे चौघे टाळ्या वाजवतायत, हँडल सोडून! आमच्या गटात हे असंच. बोटं बधिर झाली म्हणजे नोकरीत बढती मिळाली. मग मी काय, छाती फुगवली आणि चकती अजून एकदा फिरवली. दोन मिनिटं उतरायचं होतं हो. बूट काढायचा, गवतावर चार पावलं टाकायची, बस. पण थांबेल तो मी कसला... आता पाय माझाच आहे, पण आमचं बोलणं बंद आहे.

चप्पल गेली, जाऊ दे. शर्यती गेल्या, जाऊ देत. पण ताईची मुलगी! ताई पुन्हा कामावर जाणार, आणि सकाळी पिल्लाला मी सांभाळणार, असं ठरलेलं. ठरलेलं कसलं, भांडून मिळवलेलं! "मामा म्हणजे काय नुसता खेळणी आणणारा पाहुणा? पुरुषांनी मुलं कडेवर घ्यायची नाहीत का?" असं भाषण ठोकून मिळवलेलं! आणि ऐन वेळी ताईने माझ्या पायाकडे बघितलं. "तुला पायाखाली जमीन आहे की पायरी ते कळत नाही, आणि तू हिला घेऊन जिना उतरणार?"

"अगं पण ताई..."

"ताई नाही नि बाई नाही. डॉक्टर बरा म्हणेपर्यंत हिला उचलून एक पाऊल टाकायचं नाहीस."

मग काय करणार? गेलो नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्या म्हणाल्या, "डोळे मिटा. कापूस लावते, कुठल्या बोटाला लागला ते सांगा." मी, तुम्हाला सांगतो, तत्त्वाचा माणूस, कॉलेजात कधी कुणाच्या पेपरात डोकावलो नाही, पण तिथे पापण्या एवढ्याशा किलकिल्या ठेवल्या. "अंगठा!" बरोबर. "मधलं!" बरोबर. बाई खूश, मी खूश, पिल्लू जवळजवळ कडेवर आलंच! तेवढ्यात पापण्या लागल्या फडफडायला, म्हणून क्षणभर गच्च मिटल्या. "आणि आता?" बाईंनी विचारलं. म्हटलं, अंगठा झाला, मधलं झालं, आता... "करंगळी!"

"अहो," बाईंचा आवाज लांबून आला, "मी इकडे हात धुतेय."

मग टॉवेलला हात पुसत म्हणाल्या, "मला फसवून काय मिळणार होतं तुम्हाला?"

"भाची," मी म्हटलं.

बाईंनी टॉवेल खुंटीला अडकवला. मग म्हणाल्या, "दबलेली नस आहे. संवेदना हळूहळू येईल. सगळी येईल की थोडी तशीच राहील, ते आज नाही सांगता येत. तुम्ही फक्त घाई करू नका." मला! घाई करू नका, हे मला सांगतायत! पाय माझाच आहे हो, पण...

तर सध्या असं चाललंय. सकाळी आई पिल्लाला सांभाळते, आणि मी भिंतीला टेकून, पाय पसरून जमिनीवर बसलेला. परवा पिल्लू रांगत आलं, सगळं सोडून माझा डावा अंगठा धरला आणि नव्या दोन दातांनी कडकडून चावलं! आई धावत आली, ताई दारातून परत फिरली, दोघी एकदम, "जाणवलं? काही जाणवलं का?"

या वेळी डोळे उघडेच होते. दिसत होतं सगळं. "हो" म्हणणं किती सोपं होतं!

"नाही," मी म्हटलं.

ताईने पर्स खांद्यावर सरकवली आणि म्हणाली, "असू दे. दात येतायत तिला. रबरी खेळणं लगेच फेकते, हे बरं धरून बसलीय."

म्हणजे बघा, मला तिला उचलायची परवानगी नाही, तिला मात्र मला चावायची आहे. रोज! म्हणून रोज सकाळी उठून आधी तो पाय साबणाने स्वच्छ धुतो... आणि पाणी गरम आहे की गार, ते आईला विचारतो.