शिफारस क्रमांक अठ्ठेचाळीस

...आणि वर मलाच विचारतात, 'तुम्ही एवढे चिडता कशाला?' चिडू नको तर काय करू? तुम्हाला सांगतो, मी मानवी हक्क आयोगात अहवाल लिहितो. वर्षभर लोकांची गाऱ्हाणी ऐकायची, चारशे पानं लिहून सरकारला धाडायची, आणि सरकारने प्रत्येक शिफारशीपुढे उत्तर लिहायचं. उत्तर काय? 'नोंद घेतली आहे.'

एक मावशी येतात दर मंगळवारी. त्यांचा मुलगा पोलीस कोठडीत जिवानिशी गेला. पोलीस म्हणतात, पाय घसरला. 'चौकशी करा', ही आमची शिफारस क्रमांक एकतीस, सहा वर्षं तीच. मावशी विचारतात, "भाऊ, उत्तर आलं का हो?" काय सांगू? आलंय, मावशी... नोंद घेतली आहे.

शेवटी गेलो ही उत्तरं धाडणाऱ्या उपसचिवाकडे. सोफ्यात रुतून चहा ढवळत म्हणतो कसा, "अहोऽ, नोंद घेतली म्हणजे घेतली. दरवर्षी तेच काय विचारता?" आणि शेजारी त्याचा कारकून गेल्या वर्षीची उत्तरं यंदाच्या कागदावर जशीच्या तशी उतरवतोय, एकही शिफारस न वाचता, माझ्या डोळ्यांदेखत! म्हटलं, थांब लेका, तुझी जिरवतोच.

त्या उत्तरांत आमची एकच शिफारस मान्य झाली होती, आयोगाच्या भिंतीवर फलक लावायची. क्रमांक अठ्ठेचाळीस. उत्तर होतं, 'मान्य. आयोगाने त्वरित कार्यवाही करावी.' पुढच्या अहवालात मी त्याच क्रमांकावर लिहिलं, 'उपसचिवांचा सोफा आयोगाच्या बाहेरच्या खोलीत हलवावा.' आमच्या अध्यक्षांनी सही ठोकली, तेही कुठे वाचतात? आणि उत्तर आलं... मान्य. आयोगाने त्वरित कार्यवाही करावी!

दोन हमाल घेऊन गेलो. तो थयथयाट करतोय, "हा माझ्यावर अन्याय आहे!" म्हटलं, "साहेब, नोंद घेतली आहे." आहाहा, काय गार वाटलं म्हणून सांगू!

सोफ्याची चौकशी मात्र तीन दिवसांत. पाच जणांची समिती. सोफा नियमानुसारच नेला, असं ठरलं, साहेबांना नवा मिळाला, याहून मऊ. आणि आदेश निघाला, यापुढे प्रत्येक शिफारस वाचूनच उत्तर द्यावं. मी खूश. आता एकतीसवी वाचतील.

वाचली हो. परवाच उत्तर आलं, 'काळजीपूर्वक वाचून नोंद घेतली आहे.'

मावशींना सांगितलं. बाहेरच्या खोलीतल्या त्याच सोफ्यावर जरा सरकल्या आणि म्हणाल्या, "बसा भाऊ. उभं राहून किती वाट बघाल?"