शिंप्याने निवडलेली दोरी

...आणि वर तो दुकानदार मलाच विचारतो, "काका, तुम्हाला दोरीतलं काही कळतं का?" मला! अहो, बत्तीस वर्षं मशीनवर बसलोय मी! सुती, रेशमी, पॉलिस्टर, काजाचा, भरतकामाचा... डोळे मिटून बोटांत धरला तरी कुठला धागा ते सांगतो. हां, मासे कधी धरले नाहीत, कबूल. पाण्यात घोट्याच्या वर पाय जाऊ देत नाही मी. पण धागा तो धागा! आता दोऱ्यातलं मला नाही कळणार तर कुणाला कळणार?

तुम्ही म्हणाल, शिंप्याला गळाची दोरी कशाला? व्याह्यांमुळे हो! मुलीचं लग्न होऊन चार वर्षं झाली. चार वर्षांत मी आणि आमचे व्याही यांच्यात झालेलं बोलणं सगळं मिळून सांगतो, ऐका. "काय म्हणताय?" "बरं आहे." "उकडतंय नाही?" "पंखा वाढवू का?" संपलं! मग पंखा पाचवर आणि आम्ही दोघं सोफ्याच्या दोन टोकांना, पाठीला काठी बांधल्यासारखे ताठ. आतून बायको आणि विहीणबाईंचा हसण्याचा आवाज येतोय, आणि आम्ही पंख्याकडे बघतोय. खरं सांगू? मला वाईट वाटायचं. माणूस सज्जन, माझ्या पोरीला मुलीसारखं वागवतो, आणि माझ्याशी चार शब्द बोलू नये? मला वाटायचं, हे बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आपण टेप गळ्यात घालून फिरणारे. कमी लेखत असतील.

तर एका शुक्रवारी मुलगी आली, हातात मासेमारीचं रीळ. म्हणाली, "बाबा, सासरे रविवारी तळ्यावर जातात ना, त्यांनी तुम्हाला बोलावलंय. काठी त्यांच्याकडे जादा आहे. ह्या रिळावर दोरी तेवढी भरून आणा म्हणाले, तुमच्या आवडीची." माझ्या आवडीची! मी तिथल्या तिथे ताडलं, ही परीक्षा आहे. म्हटलं, होऊन जाऊ द्या. दोऱ्यातलं मला नाही कळणार तर कुणाला कळणार?

गेलो गळ-दोरीच्या दुकानात. तो दुकानदार म्हणतो, "कुणासाठी घ्यायचीय?" म्हटलं, "व्याह्यांसाठी." "तसं नाही काका, मासा कुठला? वजन किती?" आता मला काय माहीत मासा कुठला! जो येईल तो! त्याने एक मोठ्ठा सुस्कारा सोडला आणि समोर तीन रिळं मांडली. "ही मोनो, म्हणजे आपलं साधं तंगूस, एकच पदर. ही ब्रेडेड, बारीक धागे विणलेले. आणि ही फ्यूज्ड, हिच्यात धागे विणत नाहीत, गरम करून एकमेकांना चिकटवतात. मोनो ताणली जाते, ब्रेडेड ताणली जात नाही, फ्यूज्डसुद्धा नाही पण ती जरा कडक असते, मोनो पाण्यात दिसत नाही, ब्रेडेड दिसते, पण ब्रेडेड बारीक असून ताकदवान, पण दगडाला घासली तर मोनो बरी, पण मोनो रिळावर राहून वेटोळी होते, पण..." अहो, पण पण पण! एका दमात पंधरा पण!

मी त्याला हातानेच थांबवलं. चष्मा वर केला आणि शिंप्याच्या पद्धतीने तपासायला घेतलं. आधी तंगूस. तंगुसाला मी चांगला ओळखतो! काही लोक पॅंटच्या खालच्या घडीला हे वापरतात. घोट्याला टोचतं, आणि एक टोक सुटलं की भर रस्त्यात अख्खी तुरपाई सुटून पायात येते. बाद! मग फ्यूज्ड. चिकटवलेलं! चिकटवलेल्याचं मला सांगू नका तुम्ही! शर्टाच्या कॉलरला आत कडक अस्तर इस्त्रीने चिकटवतात ना, तीन धुण्यांत त्याला फोड येतात, आणि गिऱ्हाईक येऊन ओरडतं कुणावर? चिकटवणाऱ्यावर नाही, माझ्यावर! बाद! उरली ब्रेडेड. बोटांतून ओढली... आहाहा! काय वीण! आठ पदर, एकसारखे, कुठे गाठ नाही, कुठे सुटलेला तंतू नाही. म्हटलं, बांधा ही. दुकानदार म्हणाला, "काका, रिळावर भरताना आधी..." मी म्हटलं, "भरायचं मला शिकवू नका. बत्तीस वर्षं बॉबिन भरतोय!" आणि निघालो.

घरी आलो, मशीनच्या चाकाला रिळाची चकती, म्हणजे त्याचं बॉबिनच, लावून दोरी अशी भरली, अशी भरली की बायकोसुद्धा थांबून बघत राहिली. एकावर एक, घट्ट, चकचकीत.

रविवारी सकाळी तळं. व्याही आले, रीळ हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि म्हणाले, "वा, भरलंय सुंदर." झालं! माझी छाती दोन इंच फुगली. गळ टाकला. बसलो. पुन्हा तेच हो! "काय म्हणताय?" "बरं आहे." आणि तळ्यावर पंखा पण नाही बघायला!

तेवढ्यात काठी वाकली. व्याही ओरडले, "लागला! फिरवा!" मी फिरवतोय. "अहो फिरवा!" "फिरवतोय!" "मग दोरी येत का नाही?" मला काय माहीत का येत नाही! मी हँडल फिरवतोय, रीळ कुरकुरतंय, आणि दोरी? दोरी तिकडेच! बघतो तर काय, चकती तिथेच, आणि तिच्यावर भरलेली माझी अख्खी सुंदर दोरी एका गठ्ठ्याने गोल गोल सरकतेय! सैल बांगडी मनगटावर फिरते ना, तशी! व्याह्यांनी हातरुमाल गुंडाळून सरळ दोरीच धरली, पाय रोवले, वाकले, आणि ओढली...

टर्रर्र.

तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन. मागची शिवण. वरपासून खालपर्यंत. आणि पॅंट कुणी शिवलेली? मी! त्यांच्या साठाव्या वाढदिवसाला मीच भेट दिलेली! मासा गेला. मला वाटलं, आता हे तळं मला पोटात घेईल तर बरं. एका सकाळी दोन धागे, आणि दोन्हींनी माझं तोंड काळं केलं. पोरीच्या सासरी काय म्हणून जायचं मी आता?

आणि व्याही हसायला लागले. आधी खांदे हलले, मग खाली बसले, मग डोळ्यांतून पाणी! म्हणाले, "अहो, ब्रेडेड गुळगुळीत चकतीवर पकड घेत नाही. आधी चार वेढे तंगूस भरायचं, त्याला ही बांधायची. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" आता मी काय सांगू, की दुकानदार सांगत होता बिचारा?

शिंप्याच्या पाकिटात सुई असतेच. धागा मात्र नव्हता. म्हटलं, पॅंट काढा. ते टॉवेल गुंडाळून दगडावर बसले आणि मी त्याच ब्रेडेडने टाके घालायला बसलो. दुहेरी. सवयीने दोरा दातांनी तोडायला गेलो, दोरा नाही तुटला, दाताचा टवका उडाला! ते पुन्हा हसले. आणि हसता हसता म्हणाले, "व्याही, एक सांगू? चार वर्षं मी तुम्हाला घाबरतोय." मला! "तुम्ही समोर आलात की मला वाटतं, हे माप घेतायत. मी पोट आत ओढून बसतो. आता पोट आत ओढून माणूस बोलणार तरी कसा?"

काय सांगू तुम्हाला... माझ्या हातातली सुई थांबली. त्यांच्या न बोलण्याला मी माझी किंमत समजत होतो, आणि हा बिचारा माणूस चार वर्षं श्वास कोंडून बसला होता! त्या सकाळी त्यांनी पोट सोडलं, आणि जे बोलत सुटले, जे बोलत सुटले! त्यांच्या जुन्या मित्राचं, जो आता तळ्यावर येत नाही. त्यांच्या गुडघ्याचं. माझ्या पोरीचं, ती त्यांना कशी रागावते त्याचं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा उठलो. मासा एकही नाही. इतका सुखात मी कित्येक वर्षांत घरी आलो नव्हतो.

आता दर रविवारी जातो. खाली तंगूस, वर ब्रेडेड, भरतो मीच. सगळं छान चाललंय, फक्त एक झालं. गेल्या महिन्यात व्याही तीच पॅंट घेऊन दुकानात आले. पोट सोडून बसायची सवय लागली ना! "दोन इंच सैल करून द्या." मी ब्लेड लावलं, कापड कापलं जायला लागलं, टाका जागचा हलेना! कैचीचं टोक वाकलं! अहो, दोऱ्यातलं मला नाही कळणार तर... जाऊ दे. मी हात टेकले. म्हटलं, "व्याही, ही शिवण या जन्मी उसवत नाही. पॅंट सैल होणार नाही, तुम्हीच बारीक व्हा."

तर आता रोज पहाटे साडेपाचला ते माझ्या दारात. पाच किलोमीटर चालायचं, दोघांनी. मी म्हटलं, पोट तुमचं, मी कशाला? तर म्हणतात, "दोरी कुणी निवडली?"