चाकं मात्र दोनच

…नाही, पण मला एक सांगा, यंदा बदललं काय? गेल्या हिवाळ्यात आमच्या सायकलच्या दुकानात कंपनीचा विक्रीवाला पोरगा आला, यान त्याचं नाव, केसाला चिकटवणी लावलेला, हातात कॅटलॉग, आणि तोच सूर… "मालकीणबाई, यंदाची चौकट चार टक्के जास्त ताठ आहे." ताठ! मी म्हटलं, बाबा रे, माझ्या घरात नवरा आहे, मला आणखी ताठ काही नकोय. तर म्हणतो, रंग पण बदललाय. काय रंग? तर म्हणे 'पहाटेचं धुकं'. अहो, गेल्या वर्षी 'सांजेचं धुकं' होतं! दोन्ही शेजारी ठेवली तर मलासुद्धा ओळखू येत नाही, आणि मी दाज्या गावात जन्मलेली, जिथे दर दुसऱ्या घरात सायकलीचं काही ना काही बनतं, कुणाकडे पेडल, कुणाकडे घंटी, कुणाकडे नुसते वायसर. तुम्हाला सांगते, दरवर्षी नवं मॉडेल, दरवर्षी नवं मॉडेल… आणि चाकं? दोनच!

तुम्ही म्हणाल, हिला काय त्रास? विकायची आणि गप्प बसायचं. बरोबर आहे, इतकी वर्षं तेच केलं. ही बगळा कंपनी, तिची एजन्सी आमच्याकडे लग्नापासून. पण तुम्हाला सांगते, माझं एकच म्हणणं होतं आयुष्यात, एकच. आमच्या या आख्ख्या बेटाला एक फेरी मारायची, सायकलवरून, नवऱ्याबरोबर. आमच्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक फेरी मारून येतं आणि मला ऐकवतं. "मालकीणबाई, ह्वाल्येनच्या पुढे समुद्र काय निळा आहे हो!" आणि मी काय करते? तर त्याच्या साखळीतली वाळू काढते. त्या समुद्राची वाळू मी पाहिलीय, समुद्र नाही पाहिला.

एकटी जा, असं माझी बहीण म्हणाली. जाईन की! पण बून-पिनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी आजवर फक्त दुकानात पाहिलाय. लग्न झालं तेव्हा दुकानात, मुली झाल्या तेव्हा दुकानात, सासरे गेले तेव्हाही अंत्यविधीहून थेट दुकानात. मला तो एकदा बाहेर बघायचा होता. उन्हात, वाऱ्यात, पान्हा हातात नसताना.

तर शेवटी तो हो म्हणाला. म्हणाला म्हणजे काय, 'बघू' म्हणाला, पण त्याचं 'बघू' म्हणजे दुसऱ्याचं शपथपत्र. आणि त्याच आठवड्यात एका स्कूटरवाल्यानं दुकानासमोर मागे घेताना याच्या सायकलला धक्का दिला आणि मागचा कान मोडला. कान म्हणजे हो, गियर बदलणारा जो मागे लोंबतो ना, तो चौकटीला ज्या चिमुकल्या तुकड्यानं अडकतो, तो. अंगठ्याएवढा. मी म्हटलं, एवढंच ना, दुसरा लाव.

दुसरा! कुठला दुसरा? त्याची सायकल सहा वर्षांपूर्वीची. त्यानंतरच्या वर्षी कंपनीनं कान जरा लांब केला, मग जरा तिरका केला, मग भोक इकडचं तिकडे नेलं. का? तर नवं मॉडेल! दुकान सायकलींनी भरलेलं, भिंतीवर सायकली, छताला सायकली, आणि एकाही सायकलचा कान याच्या सायकलला लागत नाही. म्हटलं, मग दुसरी सायकल घे, तू मालक आहेस ना? तर मान हलवतो आणि म्हणतो, "ही माझ्या पाठीला ओळखते." बघा! मला इतक्या वर्षांत असं कधी म्हणाला नाही.

कारखान्यात फोन केला. कारखाना कुठे? आमच्या गच्चीवरून दिसतो. तिथली पोरगी गोड आवाजात, "आजी, ते मॉडेल बंद झालंय, नवं बघता का?" म्हटलं, कान हवाय. "आजी, साचा मोडीत गेला." दरवर्षी साचे मोडीत काढतात म्हणे, जागा हवी ना, पुढच्या साच्यांना! एका बाजूनं वितळवायचं, दुसऱ्या बाजूनं ओतायचं, आणि मधून काय बाहेर पडतं? सायकल. आणि चाकं? दोनच!

मग आली वर्षअखेरची मेजवानी. कंपनी दरवर्षी देते, कामगारांना आणि आम्हा दुकानदारांना. लाल कापडाची गोल टेबलं, मासा, डुक्कर, कोंबडी… पूर्वी कोंबडीचं डोकं ज्याच्याकडे वळवलेलं, त्याची नोकरी गेली असं समजायचं. हल्ली डोकं काढूनच आणतात, त्यामुळे कुणाची जाणार ते शेवटपर्यंत कळत नाही. जेवण झालं की सोडत. आणि मी जन्मात कधी साबणसुद्धा न जिंकलेली बाई, माझा नंबर लागला. पहिलं बक्षीस! काय असेल? बरोबर. यंदाचं नवं मॉडेल. 'पहाटेचं धुकं'. माझ्या दुकानात तसली ढीगभर उभी आहेत हो!

गेले व्यासपीठावर. आता आमच्याकडची रीत अशी की बक्षीस निघालं की सगळे मालकाला ओरडतात, वाढवा, वाढवा, आणि मालकानं खिशात हात घालून वर काहीतरी द्यायचं. नाही दिलं तर वर्षभर तोंड दाखवायची सोय नाही. आमचे मालक म्हणजे धाकटे को साहेब, थोरल्या को साहेबांचे चिरंजीव, परदेशात शिकून आलेले, दोनचार पेले झालेले, गाल लालबुंद. लोक ओरडतायत, टेबलं बडवतायत, आणि साहेब हात पसरून म्हणाले, "मागा मालकीणबाई! काय वाढवू?"

मी माईक घेतला. म्हटलं, "साहेब, दरवर्षी नवं मॉडेल काढता, चाकं अजून दोनच आहेत. मला सायकल नको. सहा वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा मागचा कान द्या. एक."

मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, कारखान्यातले तर उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, कारण साचे मोडीत घालायला तेच जातात. साहेबांना वाटलं, स्वस्तात सुटलो. म्हणाले, "बस? दिला!"

दिला म्हणे! दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर कळलं असेल काय दिलं ते. पण सगळ्यांसमोर दिलेला शब्द, तोही वर्षाच्या अखेरीला, मोडतोय कोण? आणि त्यात कुणीतरी फोनवर माझं सगळं बोलणं टिपलं होतं, ते आख्ख्या बेटावर फिरलं. माझी बहीण दक्षिणेतून फोन करून विचारते, तू कधीपासून भाषणं द्यायला लागलीस?

वसंत गेला, उन्हाळा गेला, वादळं येऊन गेली. मी रोज यानला फोन करते, यान म्हणतो, चाललंय, चाललंय. आणि शरदातल्या पौर्णिमेला, आम्ही सणाच्या रीतीनं दुकानासमोर मांस भाजत बसलोय, तेवढ्यात हा यान हजर. हातात छोटी डबी. उघडली, आत कान. बून-पिननं तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, बसवला, गियर फिरवला… टक, टक, टक, लोण्यासारखा. आणि तुम्हाला सांगते, हसला! मी त्याच रात्री पिशव्या भरल्या.

सकाळी बाहेर येते तर दारात कंपनीचा ट्रक. खोकी उतरतायत. मी म्हटलं, यान, हे काय? तो मला कानांची कहाणी सांगतो. एका कानासाठी साचा नवा बनवला. साचा बनला, पण एका कानासाठी मशिन कोण चालवणार? म्हणून पोतंभर काढले. आता पोतंभर कानांचं करायचं काय? तर कंपनीनं त्या कानांना सायकली लावल्या! कळलं का तुम्हाला? सहा वर्षांपूर्वीची तीच सायकल, तोच दांडा, तोच कान, यंदाचं नवं मॉडेल म्हणून! आणि चौकटीवर सोनेरी अक्षरांत काय लिहिलंय? 'चाकं दोनच'. माझं वाक्य! मला विचारलंसुद्धा नाही!

आणि लोक तुटून पडले हो. ताइपेहून गाड्या करून येतात, माझ्याबरोबर फोटो काढतात, मला म्हणतात, आजी, ते एकदा म्हणून दाखवा ना. ज्यांनी गेल्या वर्षी 'सांजेचं धुकं' घेतलं तेच आलेत, ती विकून ही घ्यायला. मी डोकं धरून बसले. बून-पिनला म्हटलं, निघायचं ना? पिशव्या दारात आहेत. तर पान्ह्यावरून मान वर न करता म्हणतो, "एवढी गर्दी टाकून? ओसरू दे, मग जाऊ."

रडू आलं हो मला, मागे जाऊन हवेचा पंप धरून रडले. चिडून रडले. मग डोळे पुसले. म्हटलं, गर्दी ओसरायला काय लागतं ते आपल्याशिवाय जास्त कुणाला माहीत आहे?

आता गिऱ्हाईक आलं की मी पुढे होते. काल एक जोडपं आलं, पैसे हातात, सायकल पसंत, बून-पिन आतून खोकं आणायला गेलेला. मी त्या पोरीला हळूच बाजूला घेतलं आणि म्हटलं, "यंदाचं कशाला घेतेस गं? थोडं थांब. पुढच्या वर्षीचं फार सुंदर येतंय."